आमच्या आजोबांची तिथी तुमच्या कपाटात आहे

ठाणे, भाद्रपद वद्य पंचमी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

पितृपक्ष सुरू आहे. आमच्या इमारतीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पान वाढलं जातंय. गच्चीवर कावळ्यांची चंगळ आहे. आमच्याकडे मात्र शेवटच्या दिवसाची वाट बघतात. आजोबा कोणत्या तिथीला गेले हे घरात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्री अमावास्या. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच आजोबा अमावास्येला जातात, कारण आमच्या चाळीत बहुतेक घरांतून त्याच दिवशी वड्या तळल्याचा वास यायचा. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर कळलं की काही घरांना तिथ्या असतात.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. रजिस्टर, दाखले, नक्कल प्रती हेच माझं रोजचं काम, त्यामुळे सरकारी कागदाची मला भीती नाही आणि फारसं अप्रूपही नाही. तरीही गेली दोन वर्षं मी एका कागदासाठी फिरते आहे. तो मिळाला नाही, म्हणून हे पत्र. जन्म-मृत्यूची नोंद हा तुमच्या खात्याचा विषय नाही, असं तुमचे सचिव सांगतील. बरोबर आहे. पण १८२१ साली सुरू झालेला पुराभिलेख विभाग तुमच्याकडे आहे, पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तुमच्याकडे आहेत. जुना कागद कसा जपायचा आणि लोकांना कसा दाखवायचा, हे सरकारात कुणाला कळत असेल तर ते तुमच्या माणसांना. म्हणून तुम्हालाच लिहिते.

आजोबा खेडकडचे. ठाण्यात एका गिरणीत कामाला होते, राहायला चेंदणीच्या बाजूला दहा बाय दहाची खोली, तीत गावचे आणखी पाचसहा जण. त्यांचे वडील म्हणे पारसिकच्या रेल्वे बोगद्यावर राबले होते. बोगदा १९१६ साली सुरू झाला, तेव्हा हिशेब जुळतो, पण पुरावा काही नाही. बाबांचा जन्म १९५३चा. आजोबा गेले तेव्हा ते चारही वर्षांचे नव्हते. आजीला तारीख विचारली की ती म्हणायची, "पावसाळा सरला होता, आणि तुझ्या बापाला गोवर आलेला." गोवरावरून पंचांग काढता येत नाही.

पहिला धागा मिळाला तो माझ्याच धंद्यातला. बाबांच्या जुन्या शाळेतलं जनरल रजिस्टर बघायला मिळालं. तपकिरी शाई, टाकाने लिहिलेलं, एका ओळीत आठ रकाने. पालकाचं नाव या रकान्यात आजीचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'वडील मयत'. धंदा: मोलमजुरी. म्हणजे १९५९ला बाबा शाळेत गेले तेव्हा आजोबा नव्हते. हे आम्हाला माहीतच होतं, तरी ती दोन अक्षरं लिहिलेली पाहून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरा धागा गावमंडळाचा. कोकणातून आलेल्या प्रत्येक गावाचं मुंबई-ठाण्यात मंडळ असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मंडळाची खोली, मोठी पातेली, सतरंज्या आणि वर्गणीची वही. आमच्या मंडळाच्या वह्या एका काकांच्या पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. काकूंनी अट घातली, की ट्रंक खाली उतरवलीत तर झाडून वर ठेवायची. सन १९५६-५७च्या वार्षिक हिशेबात, गणपतीचा खर्च आणि फुटलेल्या समईची दुरुस्ती यांच्या मध्ये एक ओळ सापडली: 'राघो बाळा यांचे मयतास खर्च रु. २७ आणे ६'. आण्यांतला हिशेब, म्हणजे १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले त्याच्या अलीकडचा. राघो बाळा म्हणजे आमचे आजोबा. पण हिशेब वार्षिक असल्यामुळे तारीख नाही.

माझ्या दृष्टीने हे घबाड होतं. सत्तर वर्षांचं धुकं एका वर्षावर आलं होतं. आजीचा सरलेला पावसाळा धरला तर दसरा ते संक्रांत, तीन महिने. मी ते घेऊन नोंदणी असलेल्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तारीख काय?"

म्हटलं, तारीख मिळावी म्हणूनच आलेय.

"मॅडम, रजिस्टर तारखेप्रमाणे असतं. तारीख आणा, लगेच काढून देतो. आणि कशासाठी पाहिजे? कोर्टाचं आहे का? जागेचं?"

नाही म्हटलं. वडिलांना बघायचंय.

अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात 'वारस', 'विमा', 'मालमत्ता' यांतलं काहीतरी लिहावं लागतं. 'बघायचंय' हे कारणात बसत नाही. फार जुनं शोधायला माणूस नाही, म्हणाले. मी म्हटलं, मी स्वतः बसते, दोन तासांत दोन वर्षं चाळून होतील. तर बाहेरच्या माणसाच्या हातात रजिस्टर देता येत नाही. हेही खरंच आहे, मीसुद्धा पालकांच्या हातात जनरल रजिस्टर देत नाही. त्या माणसाचा मला राग आला नाही. एका खिडकीवर दाखल्यांची रांग, त्यातले निम्मे शाळा प्रवेशासाठी माझ्याच शाळेतून पाठवलेले. तो तरी कुठे उलगडत बसणार?

मग स्मशानात गेले. तिथे नोंद होतेच: डॉक्टरांचा दाखला बघतात, मृताचं नाव, वय, पत्ता लिहून घेतात, पावती देतात, ती पावती दाखवून पुढे मृत्यूचा दाखला निघतो. म्हणजे स्मशानाची वही ही मूळ नोंद. जुन्या वह्या कुठे आहेत, या प्रश्नावर तिथल्या म्हाताऱ्या कर्मचाऱ्याने आधी वर पाहिलं, मग हसून म्हणाले, "पाणी शिरलं होतं एकदा." एवढंच.

मंत्रिमहोदय, मोठ्या घरांना कुलवृत्तांत असतात. त्र्यंबकच्या किंवा नाशिकच्या उपाध्यांच्या वह्यांत त्यांचे पणजोबा सह्या करून गेलेले असतात. आमच्या माणसांना त्र्यंबकला जायला खाडा परवडत नव्हता. सातबारावर नाव नाही, कारण जमीन नाही. जनगणनेचा कागद १९४८च्या कायद्याने कुणालाच बघता येत नाही. इंग्लंडमध्ये १९२१च्या जनगणनेची घरोघरची पानं शंभर वर्षं पुरी झाल्यावर जानेवारी २०२२मध्ये लोकांना खुली केली, आणि खाणीतल्या मजुराच्या नातवाने आपल्या खापरपणजोबाचं घर घरबसल्या शोधलं. आपल्याकडे कामगाराच्या नावाची जागा तीनच ठिकाणी: गिरणीचं मस्टर, शाळेचं रजिस्टर आणि मेल्यावरची वही. गिरणी बंद पडली की मस्टर रद्दीत जातं. वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर बंद कंपन्यांच्या जागी टॉवर उभे राहताना गेटाबाहेर रद्दीचे टेम्पो मी पाहिलेत. त्या गठ्ठ्यांत हजारोंची तिकीट नंबरासकट नावं होती.

आणि जे जाळले नाहीत, पुरले, त्यांचं काय? बाबांच्या आधी एक मुलगी होती, चारपाच महिन्यांची होऊन गेली. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत. कळव्याच्या पुलावरून रिक्षा जाताना आजी डावीकडे बघून हात जोडायची. आम्हाला वाटायचं खाडीला नमस्कार करते. ती गेल्यावर आईने सांगितलं, तिथं कुठंतरी ती पोर ठेवलेली. नाव ठेवलं होतं की नाही तेही कळत नाही. जुन्या नोंदीत अशी मुलं 'स्त्री जातीचे मूल' म्हणून असतात, असलीच तर.

आमच्या शाळेतले शिपाई वडार समाजाचे. बहात्तरच्या दुष्काळात आजा-आजी सोलापूरकडून तुर्भ्याच्या खाणीवर आले, खडी फोडता फोडता तिथंच गेले, डोंगराच्या पायथ्याला पुरले. नवी मुंबईतल्या अर्ध्या पायाभरणीत त्या खाणींची खडी असेल. ती जागा दाखवायला ते मला घेऊन गेले तेव्हा तिथं रस्ता होता, आणि रस्त्यावर ट्रक उभे. ते म्हणाले, "अंदाजे तिसऱ्या ट्रकाखाली." राबोडीतली माझी मैत्रीण सांगते, कब्रस्तानात जागा पुरत नाही, काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते. मग मागे उरते ती फक्त वही. तिच्या दादाजींची वही कुणाकडे आहे, तिला ठाऊक नाही.

याउलट गोष्टही सांगते. माझ्याबरोबर शिकलेली एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलगी आहे. तिचे पूर्वज कुणी साहेब नव्हते, खाडीवर मासे मारायचे, भातशेती करायचे. तिने चर्चच्या वह्यांतून एका दुपारी सहा पिढ्या काढल्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन; आधी पोर्तुगीजमध्ये, मग इंग्रजीत. अक्षर लावताना तिची मान दुखली, एवढाच त्रास. गरिबाची नोंद टिकतच नाही असं नाही. कुणीतरी एक वही एका कपाटात ठेवून, मागणाऱ्याला उघडून दाखवावी लागते.

आणि आपल्या सरकारला हे जमत नाही, असंही म्हणता येणार नाही. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. तहसील, शाळा, पोलीस, कारागृह, सगळीकडचे रुमाल सुटले. कोतवाल बुकं बाहेर आली. मोडी वाचणारे शोधून आणले, पानं स्कॅन केली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. त्या वादात मला पडायचं नाही. पण तेव्हा उघडलेल्या कोतवाल बुकांत गावचे जन्म-मृत्यूच लिहिलेले होते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे तमक्याची बायको, एवढ्यावर माणसं ओळखली. दाखल्यासाठी ही पानं उलटता आली, तर तिथीसाठी का नाही?

कायदाही आड येत नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे कुणालाही फी भरून नोंद शोधून घेता येते आणि तिचा दाखला मागता येतो. फक्त मृत्यूचं कारण दाखल्यात देत नाहीत. योग्यच आहे ते. त्याआधीच्या वह्यांनाही तोच न्याय लावा.

माझं म्हणणं असं. साठ वर्षांपूर्वीची मृत्यूची, स्मशानांची, कब्रस्तानांची रजिस्टरं जिथं असतील तिथून तुमच्या पुराभिलेख विभागाने ताब्यात घ्यावीत किंवा निदान स्कॅन करावीत. ठाण्याची नगरपालिका १८६३ची आहे, नवी मुंबईची महापालिका झाली १९९२ला. त्याआधी तिथल्या गावांच्या नोंदी ग्रामपंचायतींच्या दप्तरात होत्या, त्या आधी हुडकायला हव्यात. घणसोली, दिवाळे, करावे इथले म्हातारे अजून सांगू शकतील दप्तर कुणाच्या घरी होतं. स्मशानाची वही 'अ' वर्गात घाला, म्हणजे ती कायम ठेवावी लागेल. कंपनी बंद करताना मस्टर रद्दीवाल्याकडे जाण्याआधी तुमच्याकडे विचारणा व्हावी. आणि नावांची सूची करा. सूचीत नाव, साल, वस्ती एवढंच असू द्या. जात आणि आजार संकेतस्थळावर टाकू नका. जुन्या वह्यांत माणसांना काय काय म्हटलंय ते मी वाचलंय, ते कुणाच्या नातवाच्या मोबाइलवर जायला नको. सूचीचं काम करायला पैसे लागतील म्हणाल, तर सुट्टीत आम्ही शाळांचे लिपिकच बसू. जुनं अक्षर लावायची आम्हाला सवय आहे, आणि खाडाखोड कुणी मुद्दाम केलीय तेही ओळखता येतं.

राघो बाळा हे नाव वहीत राघोबा असेल, रघुनाथ असेल, इंग्रजी मस्टरवरून उतरवलं असेल तर रागू. आडनाव नसेलच, ते बाबांना शाळेत घालताना मास्तरांनी गावावरून लावलं. म्हणून तर मला स्वतः पान उलटायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना तो दिसणार नाही.

बाबांची बहात्तरी उलटून गेली. परवा त्यांनी विचारलं, "त्या कार्यालयातून काही आलं का गं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं, मग अमावास्येलाच करू."

या वर्षी अमावास्येलाच करतोय. पुढच्या वर्षासाठी विनंती एवढीच: १९५६चं आणि १९५७चं, दोन रजिस्टरं, दोन तास. शिपाई समोर बसवा, पेन काढून घ्या, पिशवी बाहेर ठेवायला सांगा. धुळीसाठी फडकं मी घरून आणीन.

आपली नम्र,
ठाण्यातली एक शाळा-लिपिक