बाबाचा दुसरा स्टेंट

दिन्या,

तब्येती ठीक, आईचे गुडघे दुखतेच. आता मेन गोष्ट. बाबा दुसऱ्या स्टेंटले, म्हणजे हृदयाची बुजलेली नस उघडी ठेवणाऱ्या जाळीले, नाई म्हणून राह्यले. सोमवारी नागपूरले भरती व्हायचं, महात्मा फुले योजनेचं मंजूर होऊन आलं, अन् हे म्हणते वावरात मरीन पण त्या थंड्या खोलीत जाणार नाई. घरातले म्हणते म्हातारा हट्टी हाय. हट्टी नाई रे, भेले हाय ते. तू मामाच्या वेळी रातभर पायापाशी बसला होता, म्हणून तुलेच लिवतो.

पहिल्या वेळी बाबाले कोणी काहीच सांगतलं नव्हतं. त्यायले वाटलं भूल देऊन झोपवतीन. तर हे टक्क जागे, अंगावर पातळ गाऊन, छातीवर फिरणारं मशीन, अन् मनगटातून नळी टाकली तसा हात असा आवळला का ओरडलेच. नळीतून औषध देल्लं तेव्हा ढिला झाला. मंग डॉक्टरनं मले समजावलं, माणूस भेला का नाडी चढते, बीपी चढते, मनगटातली रक्तवाहिनी आधीच बारीक, ते आकसून नळीले धरते, मंग दुखते, अन् दुखलं का भेव अजून वाढते. म्हणजे भेव नुसतं मनात नाई राहत ना बे, हातात उतरते! अन् एवढी गोष्ट आधी सांगाले कोणाले टाईम नाई, याचाच मले लय राग येते.

तू म्हणशीन नळी मनगटापेक्षा जांघेतूनच टाकलेली बरी, यावरून तवाही आपण भांडलो होतो. पण मामाले जांघेतून टाकली तवा ते कसे तास न् तास पाय सरळ ठेवून पडले होते, आठव. बाबा त्याच दिवशी उठून बसले अन् चहा मागतला, तोही जास्त साखरेचा.

नंतर वार्डातल्या एका सिस्टरले मी सगळं खोदून खोदून विचारलं. मनगट बधिर करतानी मुंगी चावल्यावानी टोचते, मंग नळी आत फिरते ते कळत नाई. एक्सरेत नस दिसाले रंगाचं औषध सोडलं का कधी कधी अंगात गरम लहर येते, लघवी झाली असं वाटते पण होत नाई. नस रुंद कराले नळीतला फुगा फुगवला का छाती दुखू शकते, उतरवला का थांबते, पण दुखलं तं लगेच सांगायचं, चूप नाई राहायचं. भेव कमी करायचं इंजेक्शनही मागता येते. मोबाईलवर भजन लावू का म्हटलं, तं हो म्हणे, डॉक्टरले विचारून लावू.

आता रोज रात्री बाबाले हेच सांगतो, एकामागून एक. त्या जर्मन फोर्समनचंही सांगतलं, १९२९ मधे त्यानं सोताच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत घातली अन् एक्सरे काढाले गेला, १९५६ मधे त्याले नोबेल भेटलं. बाबा म्हणे, त्याची बायको घरी नसन तवा. पयल्यांदा हासले रे ते! पण सोमवारचं नाव काढलं का पुन्हा भिताडाकडे तोंड.

वहिनीची बदली झाली का? पोट्टीचं ॲडमिशन? संत्र्याचा बहार गळला म्हणते तिकडं, लिवजो.

अन् रविवारी येऊन जाय. माह्यं ऐकतीन पण पोराचं म्हणून सोडून देतीन, तुह्यं तसं नाई. मामा काय म्हणे ते सांग, पाय अवघडला होता तेही सांग, लपवू नको, खोटं त्यायले लगेच कळते. मामालेच घेऊन आला तं अजून चांगलं. मुक्कामी राहा, सोमवारी सकाळच्या एसटीनं संगंच निघू.

तुहा,
पंज्या