बुवाची थंडी

पुणे, १४ डिसेंबर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

पत्रास कारण, आपलं कासव, बुवा. फोनवर सांगायला घेतलं की बाबा फोन आईकडे देतात, आणि आई "हो गं, कळलं" म्हणत कुकर बघायला जाते. म्हणून कागदावर लिहितेय. फ्रिजवर लावून ठेवा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने टाकी दाखवली. टाकीभोवती बाबांनी चादर गुंडाळलेली, तीसुद्धा आपली मोराची, पाहुण्यांसाठीची. मला हसू आलं, पण मग बुवा दिसला. डोळे मिटून कोपऱ्यात तळाशी. एरवी माणूस दिसला की मान लांब करून कीर्तनाला उभा राहणारा प्राणी तो, त्यावरून तर नाव पडलं. आई म्हणाली चार दिवस खात नाही. बाबा मागून म्हणाले, "कासवच ते, थंडीत झोपणारच. आणि सोलापुरात कसली आलीय थंडी!"

बाबा, दुपारी ३० अंश असतं, कबूल. पण रात्री पारा १५-१६ वर येतो, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. दुपारच्या उन्हात पाणी जरा कोमट होतं न होतं तोच संध्याकाळ होते. बुवाचं रक्त आपल्यासारखं नाही, त्याच्या अंगात स्वतःची चूल नसते. पाणी जेवढं गरम तेवढाच तो गरम. चादरीच्या कारखान्यात तुम्ही तीस वर्षं काढलीत, तुम्हाला काय सांगायचं: चादर ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब धरून ठेवते. आत ऊबच नसेल तर ती धरणार काय?

झोपण्याचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याचे भाऊबंद अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात राहतात, आणि तिकडच्या कडाक्याच्या थंडीत तळ्याच्या तळाशी महिनोन्‌महिने पडून असतात. पण तिथे पाणी चांगलंच गार असतं आणि पोट आधीच रिकामं झालेलं असतं. आपल्या हॉलमध्ये धड झोपण्याइतकं गार नाही, धड जेवण पचवण्याइतकं गरम नाही. असं अधांतरी राहिलं की पोटातलं अन्न पचायच्या ऐवजी कुजतं, आणि छाती भरते.

छाती भरली तर ओळखायचं असं. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोहताना एका बाजूला कलणं. एका बाजूचं फुप्फुस भरलं की तो भार भरलेल्या नावेसारखा कलतो. असं दिसलं तर मला विचारत बसू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, आणि आधी फोन करून कासव बघतात का ते विचारा. सध्या तरी तो सरळच तरंगतोय. कॉल संपल्यावर मी त्याचा स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला.

हीटर कुरिअरने पाठवलाय, बुधवारपर्यंत यावा. १०० वॅटचा आहे. बाबा, बिलाचं आधीच सांगते: सलग दहा तास चालला तर एक युनिट. आणि पाणी २६ वर गेलं की तो आपोआप बंद होतो. एक काम मात्र तुमच्याच हातचं आहे. हीटर काचेचा आहे, बुवा त्याला धडका देणार. गच्चीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा पडलाय ना, त्याला भरपूर भोकं पाडून हीटर त्यात बसवा. पूर्ण बुडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पाणी बदलण्याआधी बंद करून वीस मिनिटं थांबायचं, नाहीतर काच तडकते. वायर बोर्डाच्या खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही.

हीटर येईपर्यंत आईने गीझरचं पाणी ओतायचं नाही! एकदम गरम केलं तर तेही सोसत नाही. हीटरसुद्धा पहिल्या दिवशी २२ वर ठेवा, मग रोज एक-दोन अंश वाढवा. सोबत थर्मामीटर आहे. सकाळी सहाचा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहा. दुपारचा नको, दुपारचा आकडा फसवतो.

चादर तीन बाजूंना राहू द्या, आता तिचा खरा उपयोग होईल. वर मात्र उघडं हवं. मोराची काढून जुनी लावा.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून ड्रमचंच वापरावं लागणार. ते पहाटे बर्फासारखं असतं. आदल्या रात्री दोन बादल्या हॉलमध्ये भरून ठेवा आणि एका वेळी टाकीतलं तिसरा हिस्साच पाणी बदला. काढलेलं पाणी जास्वंदीला घाला, कोथिंबिरीच्या कुंडीत नको. हात साबणाने धुवा, कासवाच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात.

आई, दूध-भाकरी बंद. कूर्मावतार असला तरी दूध त्याला पचत नाही. पाणी गरम होईपर्यंत काहीच घालू नकोस, उपाशी मरत नाही तो. मग दुपारी त्याच्या डब्यातले दाणे, मेथीची पानं, गाजराचा कीस. पालक कधीमधीच, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. काष्ठौषधीवाल्याकडे समुद्रफेस मिळतो, एक तुकडा पाण्यात टाकून ठेव, तो कुरतडत बसेल.

खिडकीतल्या उन्हावर भागत नाही. काचेतून उजेड येतो, पण पाठ टणक व्हायला लागणारे किरण अडतात. दहा-अकराला टबमध्ये थोडं पाणी घालून त्याला गच्चीवर न्या, अर्ध्या टबावर सावली हवी. अर्धा तास पुरे. बाबा, शेजारी स्टूल टाकून पेपर वाचा. घारी आहेत, आणि शेजारचा बोका आहेच. तुमच्या खोकल्यालाही ऊन बरंच. तो अजून आहे, कॉलवर ऐकू येत होता.

आणि कंबर तलावात सोडून देण्याची गोष्ट चेष्टेतही नको. हा परदेशी आहे, इथल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावेल. शिवाय आमचा सोहम आयुष्यभर बोलणार नाही तुमच्याशी. जागा बदलली म्हणून जूनमध्ये बुवाला तुमच्या गळ्यात मी घातला, हे मला रोज आठवतं. गड्ड्याच्या जत्रेला येऊ तेव्हा मोठी टाकी घेऊन येते.

कुरिअरवाल्याला बाबांचा नंबर दिलाय. बुधवारी फोन खिशात ठेवा, चार्जिंगला लावून विसरू नका.

तुमची,
सुमी