दोघांचा खाडा

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत मनाच्या आरोग्यावर लेख होता. सकाळी फिरा, चांगले विचार करा, छंद जोपासा. लिहिणाऱ्यानं चांगल्याच मनानं लिहिलं असेल. मी फिरलो. सिद्धेश्वर तलावाकडेला दुसऱ्याच फेरीत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला आणि आता आपण संपलो म्हणून कट्ट्यावर बसून राहिलो. छंदाचं राहिलंच.

मी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात २० वर्षं माग चालवतो. गेल्या वर्षी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली त्या सुमारास झोप गेली. दोनदा छातीची पट्टी (ईसीजी) काढली, हृदय चांगलं. मग गॅसच्या गोळ्या, मग आईनं बांधलेला दोरा. तीन महिने त्यातच गेले. धास्ती आणि उदासी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मन मागावरच्या धोट्यासारखं इकडून तिकडं पळतंय आणि हात मात्र उचलत नाही. तडफडताना बघणारा म्हणतो, एवढं टेन्शन कशाला घेतो. पडलेला बघणारा म्हणतो, आळस चढलाय.

एका रात्री दोन वाजता बायकोनं १४४१६ लावला. टेलि-मानस, सरकारची सेवा आहे, २०२२ पासून, फुकट, चोवीस तास. मला मराठी चांगली येते, पण त्या रात्री येईना. आमच्या घरात तेलुगू. तिथं तेलुगूही चालते. पलीकडच्या बाईंनी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. शेजारी बसलेल्या बायकोला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सरकारी दवाखान्याच्या गेटपर्यंत मी दोनदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. धास्ती म्हणे कुणी ओळखीचं बघेल, उदासी म्हणे जाऊन काय होणार आहे. तिसऱ्या वेळी मेहुण्यानं गाडीवर बसवलं आणि आत नेलं. डॉक्टरांनी आधी थायरॉईड तपासलं. ते बिघडलं तरी असंच होतं म्हणे. मग गोळी सुरू केली. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, सुरुवातीला बेचैनी वाढेलही, पण आपल्या मनानं बंद करू नका, असं बजावलं. मी केलीच. "सवय लागते" असं कारखान्यात कुणीतरी म्हणालं होतं. चक्कर, डोक्यात झटके, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता पत्र लिहिण्याचं कारण. ओपीडी सकाळची, आमची पाळीही सकाळची. पगार कामावर. मी गेलो की माझा खाडा, आणि एकट्याला जमत नाही म्हणून मेहुण्याचाही. चार महिन्यांत त्याचे सात खाडे झाले. त्यानं बोलून दाखवलं नाही, मी मोजले. पडून असलेल्या माणसाला मोजायला वेळ असतो.

महापालिकेनं पूर्व भागातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ मनाच्या डॉक्टरांना बसवावं. रोज नको, एकच. पाळी सुटल्यावर आम्ही येऊ, वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर बायकाही येतील. त्यांच्यात माझ्यासारख्या किती आहेत ते माझी बायको सांगते. आणि कारखानदारांना विनंती, कावीळ झाली की जशी सुट्टी देता तशी ह्यालाही द्या. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही उपचारांच्या बाबतीत मनाचा आजार आणि शरीराचा आजार यांत भेद करू नका असंच सांगतो.

नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये. धाकटीचं स्थळ बघतोय.

आपला,
एक यंत्रमाग कामगार,
पूर्व भाग, सोलापूर