वनमंत्री साहेब, जंगलातल्या खोलीत एक रात्र माझ्या बाबांनाही मिळू द्या

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातला धान पिकवणारा शेतकरी. नागझिऱ्याचं जंगल आमच्यापासून एवढं जवळ आहे की उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपलो की चितळाचं ओरडणं घरात ऐकू येतं, आणि ते ऐकलं की आई उठून आधी गोठ्याचं फाटक बघून येते. विषय तसा छोटा आहे, एका रात्रीच्या मुक्कामाचा. पण आमच्या घरात तो चार महिने झाले तरी संपलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. आमच्या भागात जागल कशी असते ते तुम्हाला माहीत असेलच, धान निसवला की रानडुकरं येतात, मग बांधावर मचाण बांधायचं, टिनाचा डबा टांगायचा, रात्रभर तो वाजवत बसायचं, अधूनमधून हाका मारायच्या म्हणजे शेजारच्या बांधावरचा माणूस जागा आहे की नाही तेही कळतं. बाबांनी ५० वर्षं हे केलं. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी जागलीवरून आले, पाय धुतले आणि सहज बोलले, "जंगलाच्या काठानं सारी जिंदगी गेली बाबू, पण डबा न वाजवता रात्र कशी असते थे काही पाह्यलं नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी ती रात्र पाहिलेली आहे. १९९७-९८ मध्ये आमच्या शाळेच्या गुरुजींनी आम्हा ३० पोट्ट्यांना नागझिऱ्यात एक रात्र मुक्कामाला नेलं होतं. पिटेझरी गेटपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलो, पुढे आत. तळ्याच्या काठाला डॉरमेटरी, लाईट नाही, कंदील. रात्री गुरुजींनी कंदीलही विझवायला लावला आणि सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं, कोणी बोलायचं नाही. पहिले पाच मिनिटं पोट्टे खिदळले, मग आपोआप गप्प झाले. तळ्याच्या पलीकडे सांबर ओरडलं, एकदाच, मोठ्यानं, आणि माझ्या शेजारी बसलेला पोट्टा, ज्याच्या काकाला अस्वलानं फाडलं होतं, त्यानं माझा हात धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही. पण सकाळी तळ्यावर रानगवे पाणी प्यायला आले तेव्हा सगळ्यात पुढे उभा राहून तोच बघत होता. आज तो वनखात्यात हंगामी कामावर आहे, आग विझवायला जातो. त्या एका रात्रीमुळेच गेला असं मी म्हणणार नाही, पण तो स्वतः मात्र तसंच सांगतो.

म्हणून मी बाबांसाठी खोली बघायला लागलो. आधी गेटबाहेरच्या एका खासगी रिसॉर्टला फोन केला, तर दोन माणसांचं एका रात्रीचं साडेनऊ हजार. साहेब, २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, म्हणजे चार क्विंटल धान एका रात्रीत. रिसॉर्टवाल्याला दोष देत नाही, त्याचा धंदा आहे, त्याच्याकडे आमच्या गावची दोन पोरंपण कामाला आहेत. मग मी आपल्या सरकारी विश्रामगृहाचं बघितलं, विदर्भातल्याच पण आमच्यापासून लांबच्या एका राष्ट्रीय उद्यानात खोली मिळाली, भाडं परवडणारं होतं, ऑनलाईन पैसे भरले, पावतीचा प्रिंट काढला. कोणतं उद्यान, कोण अधिकारी, हे इथं लिहीत नाही, मला कोणाची नोकरी खायची नाही.

तयारी काय सांगू. बाबांनी नवीन दुपट्टा काढला. आईनं लाखोळीच्या डाळीचे वडे करून दिले, पोळ्या बांधल्या, मोहाचं लोणचं दिलं. दोन एसट्या बदलून आणि शेवटी ऑटो करून दुपारी तीनला पोचलो. गेटवर आधार कार्ड बघितलं, नोंद केली, आत सोडलं. विश्रामगृहापाशी गेलो तर चौकीदार बिचारा आधीच हात जोडून उभा. म्हणे खोली नाही, साहेबांचे पाहुणे आलेत. मी पावती दाखवली. तो म्हणाला पावती बरोबर आहे दादा पण मी काय करू, मला सकाळी फोन आला. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावून दिला, तिकडून उत्तर आलं की पैसे परत मिळतील. बस, एवढंच. कुठे राहायचं, परत कसं जायचं, सोबत म्हातारा माणूस आहे, यातलं काही कोणी विचारलं नाही.

बाबा काहीच बोलले नाहीत. रस्त्याच्या पुलियावर बसले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि चौकीदाराला विचारलं, "जी, पाणी कोनच्या बाजूनं आहे?" त्यानं बोट दाखवलं. बाबांनी तिकडे बघितलं, झाडांमधून थोडंसं चमकत होतं. मग वड्यांचा डबा उघडला, दोन वडे चौकीदाराला दिले, दोन स्वतः खाल्ले आणि म्हणाले चाल, शेवटची गाडी चुकन. रात्री साडेअकराला आम्ही कुठल्या तरी स्टँडवर बाकावर झोपलो होतो. पैसे २२ दिवसांनी खात्यात आले. मी रीतसर लेखी अर्जपण दिला, त्याचं उत्तर आजपर्यंत नाही.

आता तुम्ही म्हणाल एका खोलीसाठी मंत्र्याला काय पत्र. पण साहेब, जंगलाच्या आतल्या खोल्या मोजक्याच आहेत आणि त्या वाढणार नाहीत, वाढूही नयेत. २०१२ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे गाभ्याच्या जंगलातलं, पर्यटनच थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या गाईडलाईन आल्या तेव्हा ते परत सुरू झालं, आणि त्यात लिहिलंय की कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, नवीन सोयी कोअरमध्ये उभ्या करायच्या नाहीत. हे बरोबरच आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण खोल्या वाढणार नसतील तर आहेत त्या खोल्यांत कोण झोपतं हाच खरा प्रश्न उरतो. जंगलातले हे बंगले इंग्रजांच्या काळापासून अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठी बांधत आले, ठीक आहे, फॉरेस्टचा माणूस ड्युटीवर आला तर त्याला खोली मिळालीच पाहिजे, त्याबद्दल एक शब्द नाही. पाहुण्यांचं मात्र पटत नाही. पाहुणे ड्युटीवर नसतात.

आणि आमचा वाघाशी संबंध काय आहे ते बघा. माझ्या घरात वाघ-बिबट म्हणजे पंचनामा. २०२१ ला आमची गाभण गाय बिबट्यानं मारली, पंचनामा झाला, पैसे मिळाले, उशिरा मिळाले पण मिळाले, खोटं कशाला बोलू. माणूस गेला तर सरकार आता २५ लाख देते, द्यायलाच पाहिजे. मे २०२३ मध्ये ब्रम्हपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, मग २०२४ मध्ये तिसरी आणली, तेव्हा गावात बैठका झाल्या, जंगलात जाऊ नका, मोहफूल वेचायला एकटे जाऊ नका. आम्ही ऐकलं. नुकसान झालं की साहेब घरी येतात, काळजी घ्यायची असली की साहेब गावात येतात, पण चला हो, आत येऊन एक रात्र बसा, वाघ राहतो ती जागा बघा, असं आम्हाला कोणीच बोलावलं नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला माझ्यापेक्षा नागझिरा जास्त माहीत आहे, आणि तो प्रेमानं येतो, त्याचा मला राग नाही, पण माझ्या बाबाला जंगलाची फक्त भीतीची बाजू माहीत आहे हे मला फार लागतं.

माझं मागणं असं आहे की नवेगाव, नागझिरा, पेंचचं सिल्लारी, मेळघाटातलं कोलकास, सेमाडोह, जिथे जिथे आपल्या खात्याच्या खोल्या आहेत तिथे सोमवार ते गुरुवारमधली एक रात्र, एक खोली बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावातल्या माणसांसाठी ठेवा. फुकट नको, एसटीच्या तिकिटासारखं परवडेल एवढं भाडं घ्या. नावं गावच्या ईडीसीकडून, म्हणजे वनखात्यानं गावात केलेल्या इको विकास समितीकडून मागवा, आणि ज्यांच्या घरचं जनावर किंवा माणूस गेलंय त्यांना आधी बोलवा, ते आधी नाही म्हणतील, तरी बोलवा. डॉरमेटरी असेल तर हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या, सोबत एखादा जुना वनमजूर बसवा, प्रोजेक्टर नको, तो सांगेल ते पुष्कळ आहे. आणि एकदा पावती फाडली की ती कोणाच्याही फोनवर रद्द होऊ नये, फारच अडचण आली तर कोणी सांगितलं, का सांगितलं हे रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहावं आणि आलेल्या माणसाची दुसरीकडे झोपायची सोय त्याच दिवशी करावी. एवढं लिहावं लागलं तर निम्मे फोन येणारच नाहीत.

अजून एक, त्या दिवशी विश्रामगृहाच्या छपराला पाण्याच्या दिशेनं मोठा पांढरा एलईडी लावलेला दिसला. महाराष्ट्राच्या पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं जंगल, म्हणून मान मिळाला, ही आपल्याच खात्याची कमाई आहे, मग बाकीच्या ठिकाणी रात्रभर हॅलोजन-एलईडी कशाला. आमच्या लहानपणीचा कंदील पुरत होता. अंधार राहू द्या, त्यासाठीच तर माणूस तिथे जातो.

बाबांनी ती पावती फेकली नाही. देवघरातल्या पंचांगाच्या मधात चार घड्या करून ठेवली आहे, मी एकदा काढून टाकायला गेलो तर म्हणाले राहू दे. यंदा डिसेंबरात मळणी आटोपली की ते मोकळे असतात. दोन माणसं, एक खोली, एक रात्र. जेवणाची सोय नको, आम्ही घरून आणतो. कोणत्या तारखेला यायचं तेवढं कळवा, पैसे आधी भरतो.

आपला,
साकोली तालुक्यातला एक धान उत्पादक