तीन नंबरच्या खाटेवरच्या बाबांच्या मुलीकडून

प्रिय डायलिसिसच्या ताई,

हे पत्र तुम्हाला हातात आणून देता आलं असतं. पण तुम्ही मला जे सांगितलंत ते चार लोकांच्या कानावर जायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांच्या डायलिसिसचा तो तिसरा महिना होता. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. ते आत आणि मी बाहेरच्या बाकावर. त्या दिवशी सुया टोचण्याआधी तुम्ही मला आत बोलावलंत आणि माझी बोटं बाबांच्या मनगटाच्या वर, फिस्टुलावर ठेवलीत, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर. कातडीखाली काहीतरी सतत थरथरत होतं, मांजर गुरगुरतं ना, तसं. ‘रोज सकाळी असा हात लावून बघायचं. थरथर थांबली की लगेच फोन करायचा,’ तुम्ही म्हणालात. आणि त्याच दमात विचारलंत, ‘तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं?’

मला काय धाड भरलीये, असंच मी म्हणाले. वय ४२, अंगावर सूज नाही, लघवीची तक्रार नाही. तुम्ही सुई बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, ‘बाबांनाही कुठे होती?’

ताई, खरंच नव्हती. सोळा वर्षांचा मधुमेह, साखरेचे आकडे वहीत टिपलेले, पण त्या सोळा वर्षांत लघवीतलं प्रथिन एकदाही तपासलं नव्हतं. किडनीचा आजार म्हणजे मुतखडा, म्हणजे पाठीत कळा, एवढंच आम्हाला ठाऊक. किडन्या निकामी होण्यामागे सगळ्यांत जास्त वेळा मधुमेह आणि रक्तदाब असतो, हे कळलं तेव्हा बाबांचा ईजीएफआर, म्हणजे किडन्या किती गाळतात ते सांगणारा आकडा, ९ वर आला होता. तो साठाच्या वर हवा. गुडघ्यांसाठी ते मनानेच वेदनाशामक गोळ्या घ्यायचे, वर्षानुवर्षं. मूळ कारण मधुमेह, पण आधीच थकलेल्या किडन्यांवर त्या गोळ्यांचा भार पडला, असं डॉक्टर म्हणाले. त्या गोळ्या आणून देणारी मीच होते.

एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात, हे तुम्ही मशीनवरचा दाब बघता बघता मला सांगितलंत. काही मेल्या तर उरलेल्या त्यांचं काम ओढतात, म्हणून शरीर कुरकुर करत नाही. मळमळ, खाज, धाप सुरू होते तोवर फार थोडं शिल्लक असतं.

मी तपासणी केली. क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या गाळून टाकतात तो रक्तातला कचरा, १.२. कागदावर मर्यादा १.३ छापलेली, आकड्यापुढे खूण नाही. मी खुशीत तुम्हाला फोनवर रिपोर्ट दाखवला. तुम्ही विचारलंत, ‘ईजीएफआर कुठंय?’ तो छापलेलाच नव्हता. तुम्ही माझं वय आणि तो आकडा घालून तिथेच काढून दाखवलात: ५८. साठाच्या खाली. नंतर लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण आलं १८०. अल्ब्युमिन म्हणजे लघवीतून जायला नको ते प्रथिन. ते ३० च्या आत हवं. रक्तदाब १५०/९६.

माझे हातपाय गार पडले होते. एका रिपोर्टवर निदान होत नाही, तीन महिने तसंच राहिलं तरच हा दीर्घकालीन आजार म्हणतात, असं समजावून तुम्ही मला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. तीन महिन्यांनी आकडे जवळपास तेच होते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. तीच लघवीतून जाणारं प्रथिनही कमी करते. मीठ कमी केलं, वेदनाशामक बंद. आज दोन वर्षांनी ईजीएफआर ५६ आहे आणि अल्ब्युमिनचं ते प्रमाण ६० च्या खाली. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण तो जागच्या जागी थोपवून धरलाय.

हे तुमच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हतं. सुया, नळ्या, आधीचं-नंतरचं वजन, एवढं करूनच माणूस दमतो. तरी कामाची पाळी संपली की तुम्ही रक्तदाबाचं यंत्र घेऊन बाहेर बाकावर यायचात आणि भाऊ, सुना, लेकी, जो बसला असेल त्याची बाही वर करायला लावायचात. पेशंटच्या घरातच पुढचा पेशंट बसलेला असू शकतो, हे ओळखून त्या बाकापर्यंत येणाऱ्या मी पाहिलेल्या तुम्ही एकट्याच.

जगात सुमारे ८५ कोटी लोकांना किडनीचा कुठला ना कुठला आजार आहे म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. २००६ पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन पाळतात. त्याची पोस्टर्स मी आता थांबून वाचते. ‘भरपूर पाणी प्या’ असं लिहिलेलं दिसलं की मला बाबा आठवतात. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून त्यांना घोटघोट मोजून पाणी मिळतं. मधुमेह असेल, रक्तदाब असेल, घरात कुणाला किडनीचा आजार असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा, एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलं तर कितीतरी जणांचं भलं होईल. तपासणीचं नाव माहीत नसेल तर माणूस मागणार काय?

बाबा आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला खुशाली विचारायच्या आधी ‘लघवी तपासलीस का?’ असं विचारतात. आईला आधी अवघड वाटायचं. मागच्या महिन्यात तिनेच मावशीला तपासायला नेलं.

ताई, मनापासून आभार. येत्या मार्चच्या त्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर तुमच्याबरोबर मीही बसणार आहे. तुम्ही रक्तदाब बघा, नावं आणि आकडे मी वहीत लिहीन. बाबांची ती जुनी साखरेची वही अजून अर्धी कोरी आहे, तीच घेऊन येते.

तुमची,
तीन नंबरच्या खाटेवरच्या बाबांची मुलगी