बारापेडे गुहा न दाखवल्याबद्दल

हेमाडग्याच्या वॉचर मामांना,
स. न. वि. वि.

मामा, मे महिन्यात बेळगावहून आलेली आमची गँग आणि सारखी प्रश्न विचारणारी माझी मुलगी तुम्हाला आठवत असेल. भीमगड अभयारण्याचं जंगल तुम्ही दाखवलंत, त्याचे आभार आहेतच. पण हे जाहीर पत्र बारापेडे गुहेसाठी आहे. तिकडे तुम्ही आम्हाला नेलं नाहीत.

आमच्या भाऊजींनी किती गळ घातली! "एवढं लांब आलोय, बाहेरनं तरी दाखवा की." खिशाकडे हातही गेला होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते बंद हाय. आन उघडं असतं तरी मी नेलो नसतो. जनावरं झोपल्यात." मग भाऊजींना सोडून तुम्ही पोरीकडे वळलात. या गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ 1913 साली पहिल्यांदा शास्त्रात नोंदलं गेलं आणि कित्येक वर्षं जगात त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. मेघालयात, कंबोडियात ते सापडलं ते फार नंतर. दिवसा माणसांनी सारखं उठवलं, तर ती जागाच सोडून जातात, हे तुम्ही तिला सांगितलंत. आपल्या खानापूर तालुक्यात असं काही आहे, हे माझ्यासारख्या जन्माने बेळगावच्या बाईलाही ठाऊक नव्हतं. म्हादई नदी म्हटलं की आम्हाला पाण्याच्या भांडणाचा लवाद आणि मोर्चेच आठवतात. देगावच्या बाजूला उगवणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पश्चिमेच्या समुद्राला मिळते आणि कणकुंबीची मलप्रभा कृष्णेतून पूर्वेच्या, हे तुम्ही काठीने धुळीत रेघा ओढून समजावलंत. शाळेत इतकं सोपं कुणी करून दिलं नव्हतं.

वाटेत अस्वलाची विष्ठा त्याच काठीने फोडून दाखवलीत. आत जांभळाच्या बिया आणि वाळवीची डोकी. पोरं नाक मुरडायची विसरून वाकून बघत होती. पुढे गव्यांचा वास आला, तशी तुम्ही चिमूटभर माती बोटांतून सोडलीत, वारा कुठला ते बघितलंत आणि आम्हाला मुकाट्याने मागे घेतलंत. कळपात वासरू होतं. फोटो एकही धड आला नाही. सगळ्यांत पाठीच पाठी.

या अभयारण्याला एका बाजूने गोव्याचं म्हादई अभयारण्य आणि दुसरीकडे काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल जोडलेलं आहे, म्हणून वाघांचीही इथून ये-जा असते. आम्हाला दिसला नाही. "दोन तासांत वाघ दाखवतो" म्हणणाऱ्यांपेक्षा तुमच्यासारखा माणूस बरा, असं आता भाऊजीही म्हणतात. (घरी. चारचौघांत अजून नाही.)

तुमच्या टॉर्चला रबर गुंडाळलेलं बघितलं होतं. नवी टॉर्च खानापूरहून सुटणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दिली आहे, सेल वेगळे बांधलेत. मिळाली की मिस्ड कॉल द्या. मुलीचे आणखी प्रश्न साठलेत, ती उचलेल.

तुमची,
शहापूर, बेळगावची भाची