छायाचित्रांच्या तारखा कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात सीवा मरूद्यानाची दोन उपग्रह छायाचित्रे शेजारी शेजारी छापून, तिथली तळी विस्तारली म्हणजे वाळवंटात पाणी वाढले, असा आनंद आपल्या लेखकाने व्यक्त केला आहे. तळी विस्तारली हे खरेच. परंतु इजिप्तमधला हा भाग समुद्रसपाटीच्याही खाली असून तिथून पाणी बाहेर जायला वाटच नाही. खजूर आणि ऑलिव्हच्या बागांना विहिरींतून बेसुमार दिलेले पाणी निथळून याच तळ्यांत साचते, उन्हाने त्याची वाफ होते, मीठ मागे उरते, भूजलाची पातळी वर चढते आणि काठची जमीन क्षारपड होऊन झाडे मरतात. लेखकाला जी समृद्धी वाटली, तोच त्या मरूद्यानाचा आजार आहे!

हिरव्या रंगाचेही तेच. सौदी अरेबियातील वादी सिरहानची गोल शेते अवकाशातून मोठी देखणी दिसतात, पण ती हजारो वर्षांपूर्वी मुरलेल्या आणि आजच्या पावसाने भरून न निघणाऱ्या पाण्यावर पोसली गेली. पाने तांबडा प्रकाश शोषतात व अवरक्त किरण परतवतात, त्या फरकावरून वनस्पती निर्देशांक काढतात. त्यातून झाड जिवंत असल्याचे कळते, त्याला पाणी कुठून आणि किती उपसून पाजले ते कळत नाही. गुरुत्वाकर्षणातील बदलावरून भूजलाचा अंदाज देणारे ग्रेस उपग्रह २००२ ते २०१७ या काळात फिरत होते व २०१८ पासून त्यांची पुढची जोडी फिरते आहे, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असते. एकट्यादुकट्या मरूद्यानासाठी विहिरीची पातळी जागेवर जाऊनच मोजावी लागते.

एका व्याख्यानात वक्त्यांनी अशाच दोन चित्रांवरून एक मरूद्यान निम्मे संपल्याचे ठणकावून सांगितले होते. मी तारखा विचारल्या, तेव्हा प्रश्न शेवटी घेऊ असे उत्तर मिळाले, आणि शेवटी अर्थातच वेळ उरला नाही. चित्रांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत महिने होते: एक चित्र खजुरांखाली गहू व चारा उभा असतानाच्या हिवाळ्यातले, दुसरे भर उन्हाळ्यातले. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांचा १९७२ पासूनचा संग्रह २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुला आहे आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येते, तेव्हा एकाच ऋतूतली चित्रे मिळत नाहीत ही सबब चालण्यासारखी नाही. आपल्या लेखातल्या चित्रांखाली तर महिनाच काय, सालही नाही.

यापुढे अशा चित्रांखाली उपग्रहाचे नाव व दिनांक द्यावा, ही विनंती. आणि ‘गडद हिरवा भाग पाहावा’ अशी सूचना वाचकांना करायची असल्यास ते पान निदान रंगीत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक